सासूच्या जिवावर पीएचडी

शालिकराम हेडाऊला आयुष्यात मनापासून हव्या अशा दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे नावाआधी 'डॉक्टर', आणि दुसरी म्हणजे दुपारच्या चहानंतर एक खर्रा. पहिली त्याला विद्यापीठ देत नव्हतं आणि दुसरी बायको खाऊ देत नव्हती. या दोघांच्या मध्ये आपण वाळत चाललो आहोत असं तो सांगायचा. वजनकाट्याचं मत मात्र वेगळं होतं.

तो नागपुरात जरीपटक्याच्या पलीकडे एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचा. वय पन्नाशीला टेकलेलं. सकाळी पोरांना संयुगं शिकवायची आणि दुपारी स्कूटरवरून शहरातल्या दुसऱ्या कॉलेजात, डॉ. मार्तंड पिंपळकरांच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या पीएचडीमागे लागायचं, असा त्याचा नेम. हा नेम इतकी वर्षं चालला होता की स्टाफरूममध्ये त्याला विचारायचे, "हेडाऊ सर, आधी काय येऊन राहिली, पीएचडी का पेन्शन?" त्याच्याच हाताखाली बारावी झालेली मोनाली पुढे शिकून डॉक्टर झाली आणि मार्तंड सरांच्याच विभागात नोकरीला लागली. आता तिला 'मॅडम' म्हणावं लागे. म्हणताना शालिकरामच्या घशात काहीतरी अडकायचं, आणि ते सुपारीचं खांड नाही याचंच त्याला जास्त दुःख व्हायचं.

विद्यापीठाने त्याला शेवटची मुदतवाढ दिली होती. दिवाळीच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. मग जन्मभर नुसतंच 'हेडाऊ सर'.

त्याचा विषय ऐकून लोक घाबरत, पण विषय साधा आहे. प्लास्टिक म्हणा, रंग म्हणा, फेविकॉलसारखा डिंक म्हणा, या सगळ्यांत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. नेहमीच्या पद्धतीने केल्या तर एक साखळी ताडासारखी आणि शेजारची बोटभर, असा सगळा गोंधळ. शालिकरामला सगळ्या साखळ्या एकसारख्या लांबीच्या हव्या होत्या. आपल्या पंगतीचं उदाहरण घ्या. वाढपी एका टोकाकडून निघाला, प्रत्येकाच्या पानात एकेक डाव भात टाकत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून फिरला, तर सगळी पंगत सारखीच जेवून उठते. कुणी एकाने पातेलंच पुढ्यात ओढलं तर भांडण होतं. शालिकरामच्या बाटलीत वाढप्याचं काम तांब्याचा एक क्षार करायचा. फक्त हा वाढपी लवकर थकायचा. हवेतला ऑक्सिजन जरा लागला की जागच्या जागी बसायचा. त्याला उठवायला म्हणून एक महागडी पावडर बाटलीत टाकावी लागे. ती कमी पडली तर वाढपी उठत नसे, आणि जास्त झाली तर असा काही उधळे की पंगतीची पळापळ. शालिकरामची सगळी वर्षं या उठवण्यातच गेली होती.

आता खर्ऱ्याचं. नागपूरकराला खर्रा समजावून सांगायला गेलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढेल, पण नागपूरच्या बाहेरही माणसं राहतात. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि तळव्याखाली घोट घोट घोटायचा. मग जे तयार होतं ते गालात धरून माणूस अर्धा दिवस गप्प बसतो. खर्रा वाईटच. त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. खर्ऱ्याने तोंड आखडत जातं; किती आखडलं ते पाहायला दातांच्या डॉक्टरने शालिकरामला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली तेव्हा दोनच गेली. तिसरं बोट ओठाबाहेर उभं राहिलेलं शामलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच रविवारी ती त्याला घेऊन मौद्याला, आपल्या माहेरी गेली.

"आईच्या डोक्यावर हात ठेवा," ती म्हणाली, "अन् शपथ घ्या का यापुढं खर्रा नाही खाईन."

"मामीजीच्या काहून?" शालिकराम चपापला. सासूला तो मामीजी म्हणायचा.

"माही शपथ तुमी गणपतीच्या आत मोडान. पोरीची मी घेऊ देनार नाही. देवाचं तुमाले काही वाटत नाही. माह्या आईले काही झालं तर अख्खा मौदा म्हनन का जवायानं मारली. त्याचं तरी भेव वाटन."

कांताबाई, म्हणजे सासूबाई, पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि जावयाच्या हातासाठी डोकं पुढे केलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, घरात एकट्याच. लेक-जावई आले एवढ्यानेच त्या खूश होत्या. डोकं वापरायचं असेल तर वापरा, असा त्यांचा एकूण भाव होता.

शपथ काही आठवडे टिकली. मग एका दुपारी कॉलेजच्या फाटकाबाहेर गोविंदाच्या ठेल्यासमोर स्कूटर आपोआप थांबली. शालिकरामने खर्रा घेतला, खाल्ला, त्याला स्वर्ग दिसला. संध्याकाळी घरी गेला तर शामला फोनवर होती. "अवो, आईले गांधीलमाशी चावली! डोळा पार बंद झाला."

शालिकराम विज्ञानाचा माणूस. गांधीलमाशी मौद्यात, खर्रा नागपुरात, दोघांचा काही संबंध नाही हे त्याला पूर्ण पटलेलं होतं. तरी त्याला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या वेळी खर्रा खाल्ल्यावर त्याने गाल रिकामा केला, चूळ भरली आणि लगेच मौद्याला फोन लावला.

"मामीजी, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय जी. फक्त आंगठ्यावर पाटा पडला."

झालं. त्या दिवसापासून खर्रा आणि फोन यांची जोडी जमली. खर्रा झाला की फोन. कधी कांताबाईंची दाढ दुखत असे, कधी दूध उतू गेलेलं असे, कधी काहीच नसे आणि मग शालिकरामला इतकं हलकं वाटे की तो दहा मिनिटं त्यांच्या शेजारणीचीही विचारपूस करी. या वयाच्या बाईला रोज काही ना काही होतच असतं, हे चोराच्या मनात कुठून येणार? तिकडे कांताबाई मौदाभर सांगत सुटल्या होत्या, "पोटचा पोरगा महिना महिना फोन करत नाही, पन माहा जवाई! दुपार झाली का त्याले माही आठवन येते." हे शालिकरामच्या कानावर आलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेवढ्यासाठी तो दोन-तीन दिवस खर्रा सोडायचा. मग कांताबाई शामलाला फोन करून विचारायच्या, "काहून वं, जवाईबापू बिमार हाय काय?"

अशात तो उन्हाळ्यातला दिवस उजाडला. शालिकराम प्रयोगशाळेत एकटाच होता. बाटलीत सगळी रसायनं भरून झाली होती, वरचं बूच उघडं होतं, आता ती महागडी पावडर तोलून टाकायची एवढंच बाकी. त्याआधी थोडी विश्रांती म्हणून त्याने खिशातली पन्नी काढली, खर्रा तळहातावर घेतला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अवो, कपाटाची किल्ली कुठं ठेवली?"

दारात शामला उभी. ती उभ्या जन्मात कधी प्रयोगशाळेत आली नव्हती. जवळच्या दवाखान्यात कुणाला तरी भेटायला आली आणि सहज वर चढली. शालिकरामने हात झटकन पाठीमागे नेला. मागे टेबल होतं, टेबलावर बाटली होती, बाटलीला नरसाळं लावलेलं होतं. अख्खा खर्रा गडप. त्याने तसंच उलट्या हाताने नरसाळं काढून बूच बसवलं आणि चेहऱ्यावर असं काही हसू आणलं की शामलाने विचारलं, "दात दुखून राहिले काय?"

ती किल्ली घेऊन गेली. शालिकरामने बाटलीकडे पाहिलं. आत खर्रा शांतपणे गटांगळ्या खात होता. खरं तर ते सगळं ओतून द्यायला हवं होतं, पण आतली रसायनं मुंबईहून आलेली, त्यांचा हिशेब मार्तंड सरांना कोण देणार? शालिकरामने नायट्रोजन सोडला, बाटली गरम तेलात ठेवली आणि काहीच झालं नाही असं स्वतःला सांगितलं. घाबरण्याच्या भानगडीत ती महागडी पावडर टाकायची राहूनच गेली. संध्याकाळी त्याने सगळं दोनदा गाळलं, चुरा फेकला आणि पांढरं दिसणारं जे उरलं ते मोजमापाला मोनालीकडे दिलं.

साखळ्यांची लांबी मोजणारं यंत्र मोनालीच्या ताब्यात असे. साखळ्या लहानमोठ्या असतील तर यंत्र कागदावर बैलाच्या वशिंडासारखा फुगा काढतं. सगळ्या सारख्या असतील तर एकच बारीक, उंच सुळका. शालिकरामला वशिंडांची सवय होती. दुसऱ्या दिवशी मोनाली धावत आली.

"सर! हे काय करून ठेवलं तुमी?"

हिला सुपारी सापडली, असंच शालिकरामला वाटलं. पण तिच्या हातातल्या कागदावर सुळका होता, सुईसारखा. मार्तंड सरांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला आणि विभागात समोसे मागवले. "हेडाऊ," ते म्हणाले, "आणखी दोनदा असंच करून दाखवा अन् प्रबंध लिहायला बसा."

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. शालिकरामने पुन्हा केलं, स्वच्छ, काटेकोर, पावडर तोलून मापून. वशिंड. पुन्हा केलं. आणखी मोठं वशिंड. उन्हाळा सरत आला, मुदतीचे दिवस भराभर संपत चालले. खर्ऱ्यामुळे काही झालं असेल हा विचार त्याला शिवलाही नाही. घाण पडूनही प्रयोग जमला, तर घाण न पडता किती छान जमायला हवा, असं त्याचं सरळ गणित होतं.

शेवटी मार्तंड सरांनी फर्मान काढलं. "त्या दिवशी जे जे झालं ते सगळं जसंच्या तसं करून पाहा. काही सोडायचं नाही."

मग जो तमाशा झाला तो विभागात अजून सांगतात. शालिकरामने तोच चौकड्यांचा शर्ट घातला. तीच बाटली, तेच स्टूल, डब्यात तीच वांग्याची भाजी. पंखा त्या दिवशी बंद होता म्हणून बंद ठेवला, आणि तीन माणसं घामाने निथळत उभी राहिली. शामलालाही बोलावून घेतलं होतं. तिने दारात यायचं आणि किल्ली विचारायची.

"अवो, कपाटाची किल्ली कुठं ठेवली?" ती दारातून म्हणाली.

"जरा त्या दिवशीसारखं म्हणा ना वहिनी," मार्तंड सर म्हणाले. "मनापासून."

"किल्ली माह्या पर्समध्ये हाय सर, मनापासून कसं म्हनू?" शामला करवादली. तरी तिने तीनदा म्हटलं. शालिकरामने दर वेळी हात पाठीमागे नेला आणि रिकामाच परत आणला.

"अजून काही राहिलं काय, हेडाऊ? आठवून सांगा."

शालिकरामने शामलाकडे पाहिलं. "काही नाही सर. एवढंच होतं."

यंत्राने वशिंड काढलं.

त्याच आठवड्यात मौद्याजवळच्या एका खेड्यात शामलाच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. शालिकराम मेलेल्या मनाने गेला. मांडवात पंगत बसली. शालिकराम कांताबाईंच्या शेजारी बसून पानातल्या वरणाकडे बघत होता. भात वाढायला एक दांडगा गडी होता. त्याने दोन फेऱ्या छान मारल्या आणि तिसऱ्या फेरीला पातेलं खाली ठेवून मांडवाच्या खांबाला टेकून बसला. पंगत ओरडायला लागली. "भात! अरे भात आण ना बे!" गडी हलेना. यजमानांनी हात जोडले, गडी हलेना. कुणीतरी नवीन पोराला पातेलं दिलं, तर त्याने पहिल्याच माणसाच्या पानात ढीग घातला आणि पुढचे सगळे उपाशी. मग एक म्हातारा शांतपणे उठला, त्याने त्या गड्याच्या हातात पन्नीतला खर्रा ठेवला. गड्याने तो गालात धरला, एक मिनिट डोळे मिटले, आणि उठला. मग त्याने पंगतीला भात वाढला तो असा, की प्रत्येकाच्या पानात एकेक डाव, ना कमी ना जास्त, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शालिकराम भरल्या पानावरून उठून उभा राहिला. हाताला वरण तसंच.

"काय झालं जी?" कांताबाईंनी विचारलं. "मिरची लागली काय?"

"वाढपी उठला, मामीजी!" शालिकराम ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पावडरीशिवाय उठला!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याचा कळसा तर खिशात होता, पन्नीत बांधून. त्या दिवशी पावडर टाकायची राहिली होती, हेही त्याला आता आठवलं. सुपारीत तुरट काहीतरी असतं, तेच थकलेल्या तांब्याला हळूहळू उठवत असणार. एकदम नाही, जरा जरा करून, गालात धरलेल्या खर्ऱ्यासारखं. हे शालिकरामला हात धुता धुता इतकं लख्ख दिसलं की तो लग्न लागलेलं न बघताच बसमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी गोविंदाच्या ठेल्यावरून त्याने खर्रा घेतला आणि तो न खाता प्रयोगशाळेत नेला. ठेल्यापासून बाटलीपर्यंतचं ते अंतर त्याच्या आयुष्यातलं सर्वांत कठीण अंतर असेल. खर्रा बाटलीत पडला आणि यंत्राने सुळका काढला. पुन्हा टाकला, पुन्हा सुळका. तंबाखू काढून नुसती सुपारी-चुना टाकून पाहिलं, तर सुळका थोडा जाड झाला. तंबाखूलाही तिथे काम होतं म्हणायचं. शालिकराम इतका रंगून गेला की रोज खर्रे विकत घ्यायचा आणि रोज सगळे बाटलीत जायचे. तोंडात एकही जाईना. गोविंदाला वाटलं, सर दोन तोंडांनी खाऊन राहिले.

प्रबंधात मात्र त्याने लिहिलं, 'स्थानिक वनस्पतिजन्य चूर्ण'. मार्तंड सरांनी ते वाचलं, चूर्णाची बाटली मागवली, बूच उघडून वास घेतला आणि बराच वेळ शालिकरामकडे पाहिलं. मग चिमूटभर चूर्ण काढून स्वतःच्या गालात ठेवलं. "नमुना तपासला," ते म्हणाले आणि सही केली. प्रबंध वेळेत गेला.

एक गोष्ट या धांदलीत शालिकरामच्या ध्यानात आली नाही. तोंडात खर्रा जात नव्हता, त्यामुळे मनाला टोचणी नव्हती, त्यामुळे मौद्याला फोनही जात नव्हता. कांताबाईंनी पहिले काही दिवस वाट पाहिली. मग फोन नीट लागतो का ते शेजाऱ्याकडून तपासून घेतलं. मग शामलाला विचारलं, "माह्याकडून काही चुकलं काय वं? लग्नात उठून गेले तवापासून जवाईबापू बोलत नाही."

शालिकरामची शेवटची तोंडी परीक्षा ठरली तेव्हा कांताबाई बोलावणं नसताना मौद्याहून बसने आल्या. जावई का रागावला ते स्वतः बघून जावं, म्हणून. परीक्षा सगळ्यांना खुली होती. पहिल्या रांगेत नवीन साडीत शामला, तिच्या शेजारी कांताबाई, मांडीवर पेढ्यांचा डबा. मागे स्टाफरूममधली सगळी मंडळी, पेन्शनवाले प्रश्न विचारणारी. मोनाली यंत्राचे कागद घेऊन बसली होती. आणि खुर्चीवर पुण्याहून आलेले परीक्षक, गोरेपान, बारीक फ्रेमचा चष्मा.

शालिकराम छान बोलला. पंगत सांगितली, वाढपी सांगितला, सुळके दाखवले. परीक्षक खूश होऊन मान हलवत होते.

"उत्तम काम आहे, हेडाऊ," ते म्हणाले. "ही पद्धत मी उद्याच माझ्या विद्यार्थ्यांना करायला सांगणार आहे. फक्त एवढं सांगा, हे वनस्पतिजन्य चूर्ण म्हणजे नेमकं काय?"

शालिकरामने मार्तंड सरांकडे पाहिलं. सरांनी मदत केली असती, पण त्यांच्या गालात तेच चूर्ण होतं आणि तोंड उघडण्याची सोय नव्हती. त्यांनी नुसत्याच भुवया वर केल्या.

बेहडा म्हणावं का? शालिकरामच्या जिभेवर बेहडा आला होता. बेहडा म्हटलं की शामला खूश, सासूबाई सुखरूप, डिग्री खिशात. पण उद्या पुण्यात पोरं बेहडा टाकणार आणि वशिंड निघणार. मग त्याच्या सुळक्यांवर जगात कुणी विश्वास ठेवणार नाही. इतक्या वर्षांत त्याला एकच खरी गोष्ट सापडली होती, आणि तिला स्वतःच्या तोंडाने खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने पहिल्या रांगेकडे बघायचं टाळलं.

"खर्रा आहे, सर."

सभागृहात असा सन्नाटा पसरला की कांताबाईंच्या डब्यातला पेढा घरंगळलेला ऐकू आला.

"खर्रा म्हणजे काय?" परीक्षकांनी विचारलं.

मागच्या रांगांतून हाय खाल्ल्यासारखा आवाज आला. या प्रश्नाने नागपूरकरांना खर्ऱ्यापेक्षा मोठा धक्का बसला होता. शालिकरामने सगळं सांगितलं. सुपारी, तंबाखू, चुना, घोटणं.

"कोणत्या प्रतीचा?"

"एकशेवीस-तीनशे नंबरी तंबाखूचा, सर." हे सांगताना त्याचा आवाज जरासा भरून आला. "गोविंदाच्या ठेल्यावरचा."

"आणि हे घालायचं सुचलं कसं?"

आता काहीच लपवण्यात अर्थ नव्हता. शालिकरामने तो दिवस सांगितला, किल्ली सांगितली, पाठीमागे गेलेला हात सांगितला. शामला जागची उठून उभी राहिली. पुण्याच्या परीक्षकांना वाटलं, पुढचा प्रश्न या बाई विचारणार आहेत. त्यांनी आदराने हात पुढे केला.

पण प्रश्न कांताबाईंनी विचारला.

"जवाईबापू, ते गांधीलमाशी तुमची होती काय?"

"हाव, मामीजी."

"अन् पाटा?"

"पाटा बी."

"अन् दाढ?"

"दाढेचे दोन होते मामीजी. लागोपाठ."

सभागृह खदखदत होतं. परीक्षकांना काहीच कळत नव्हतं, पण ते भले गृहस्थ होते. त्यांनी तिथल्या तिथे डिग्रीची शिफारस केली. अट एकच, चूर्णाचं नाव आणि कृती जशीच्या तशी लिहायची. टाळ्या झाल्या. मोनाली पुढे आली आणि म्हणाली, "अभिनंदन, डॉक्टर सर." इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला तो शब्द कानावर पडला, आणि शालिकरामला त्याचं काही म्हणता काही वाटलं नाही. तो पहिल्या रांगेकडे बघत होता.

व्हरांड्यात तो कांताबाईंच्या पायाशी वाकला. "मामीजी, मी तुमच्या जिवावर खर्रा खाल्ला. माफ करा."

कांताबाई डबा उराशी धरून उभ्या होत्या. "म्हंजे तुमी फोन करत होते," त्या हळू म्हणाल्या, "ते खर्रा खाल्ला म्हनून?"

शालिकरामने वाकल्या वाकल्याच मान हलवली.

"अन् आता खात नाही, म्हनून फोन येत नाही."

"हाव."

शामला जवळ आली, नवऱ्याला काय काय ऐकवायचं ते तिने मनात जुळवून ठेवलं होतं, पण आईचा चेहरा बघून तिने ते गिळून टाकलं. मग कांताबाईंनी पदराने डोळे पुसले आणि जावयाच्या कानाशी वाकून, लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "एखांदा खात जा जी. मी सोसून घेईन."

शालिकराम लहान पोरासारखा रडला. विभागातल्या लोकांना वाटलं, डिग्रीचा आनंद.

पाचच्या बसने कांताबाई परत निघाल्या. शालिकरामने त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली. बस शहराबाहेर पडली असेल नसेल, तोच त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी तो घाईघाईने काढला.

"खाल्ला काय जी?" त्यांनी आधी तेच विचारलं. "सांगा लवकर, मले घट्ट धरून बसू द्या."

"नाही खाल्ला, मामीजी."

"मंग काहून फोन केला?"

"असाच," शालिकराम म्हणाला.

कांताबाईंनी शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगितलं, ऐसपैस बसल्या आणि पाटा आंगठ्यावर नेमका कसा पडला होता ते सुरुवातीपासून सांगायला घेतलं.